शितावरून भात

आमच्या स्वयंपाकघरांत ज्या म्हणी रोज वावरतात, त्यांपैकीं ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण तर्कशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथास शोभेल अशी आहे. भांड्यांतला प्रत्येक दाणा चेपून पाहत बसलेली सुगरण आजवर कोणीं पाहिली नाहीं. एक शीत बोटांत दाबलें कीं तिला सगळ्या भाताची स्थिति समजते. परंतु हा सारा न्याय एका गृहीतावर उभा आहे. तें गृहीत असें कीं, सगळीं शितें एकाच भांड्यांतलीं, एकाच आधणांतलीं आणि एकाच विस्तवावरचीं आहेत. शेजारच्या घरचें शीत चेपून ‘आमचा भात झाला’ असें कोणी म्हणेल, तर आपण त्यास हंसूं. आणि तरीही गेल्या पंचवीस वर्षांत जीवशास्त्रज्ञांनीं थेट हाच उद्योग आरंभिला आहे. यीस्टच्या भांड्यांतलें शीत चेपून ते मनुष्याच्या भाताविषयीं बोलूं लागले आणि आश्चर्य हें कीं, त्यांचें बोलणें पुष्कळ वेळां खरें ठरलें. हा प्रकार काय आहे, त्यावर विश्वास कोठवर ठेवावा, आणि आमच्या घरांतील एका जुन्या प्रश्नाशीं त्याचा संबंध काय, हें आज वाचकांस सांगावें असें मनांत आहे.

प्रश्न आमच्या मातोश्रींचा. गोष्ट १९७० नंतरच्या दशकांतली. पालघर तेव्हां ठाणें जिल्ह्यांतील एक तालुक्याचें ठिकाण होतें. त्याचा स्वतंत्र जिल्हा होण्यास १ ऑगस्ट २०१४ हा दिवस उजाडावा लागला. आईस मधुमेहानें गांठलें आणि रोज इन्शुलिन टोंचावें असें डॉक्टरांनीं सांगितलें. घरांत शीतकपाट नव्हतें. औषधाची कुपी पाण्याच्या माठाला लागून ओल्या फडक्यांत गुंडाळलेली असे. कांचेची पिचकारी स्टोव्हवर उकळावी, निववावी, मोजून औषध ओढावें आणि आईच्या दंडांत टोंचावें, हें काम आमच्याकडे होतें. तें औषध गुरांच्या स्वादुपिंडांतून काढलेलें आहे, हें डॉक्टरांनीं पहिल्याच दिवशीं आम्हांस एकीकडे घेऊन सांगितलें. आई तर चातुर्मासांत कांदालसूणही वर्ज्य करणारी. आम्ही विचार केला आणि ही गोष्ट तिच्यापासून लपवून ठेवली.

विचार केला म्हणण्यापेक्षां अनुमान केलें म्हणणें अधिक खरें होईल. आईच्या थोरल्या बहिणीनें, म्हणजे आमच्या मावशीनें, एकदां तापांत औषधाच्या कॅप्सुला परत पाठविल्या होत्या. त्यांचें वेष्टण जनावरांच्या हाडांपासून करतात असें कोणीसें तिच्या कानांवर घातलें होतें. दोघी बहिणी एकाच घरांत वाढलेल्या, एकाच चुलीवरचें जेवलेल्या, एकाच वडिलांच्या धाकांत राहिलेल्या. मावशीनें जें केलें तेंच आई करील, याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका आली नाहीं. सहा वर्षें आम्ही रोज सकाळीं ‘नेहमींचें औषध’ म्हणून तें टोंचीत राहिलों.

शेवटीं एका परक्या कंपाउंडरानें बोलतां बोलतां तें आईस सांगून टाकलें. आम्ही संध्याकाळीं घरीं आलों तों ती तुळशीपाशीं बसली होती. ती रागावली नव्हती. ‘जनावराच्या अंगांतलें तें माझ्या अंगांत चालतें कसें रे?’ एवढेंच तिनें विचारलें. आम्ही म्हटलें, ‘औषध आहे, चालतें.’ ती म्हणाली, ‘चालतें तें दिसतेंच आहे. कसें, तें विचारतें आहें.’ त्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आई गेली तरी तें मिळालें नव्हतें.

तें उत्तर आम्हांस अलीकडे आमच्या भाचीनें दिलें. ती मुंबईस एका प्रयोगशाळेंत प्रथिनांच्या वंशावळी जुळविण्याचें काम करते. सारा दिवस संगणकासमोर. सुटींत ती आली असतां तिला घेऊन आम्ही सातपाटीच्या बंदरावर गेलों. आम्ही मासे खाणारे नव्हे; पण होड्या किनाऱ्याला लागतात तो देखावा पाहण्यासारखा असतो. पापलेटांच्या पाट्या उतरत होत्या. याच माशाला महाराष्ट्रानें २०२३ सालीं राज्यमासा म्हणून मान दिला, आणि सातपाटीच्या लोकांस त्याचा अभिमान वाटतो तो योग्यच आहे. एक बाई मासा चिरीत होती, तिकडे पाहत भाची म्हणाली, ‘मामा, आजीला तुम्ही गुरांचें इन्शुलिन देत होतां ना? माशाचेंही चाललें असतें.’

आम्हांस ती थट्टा वाटली. पण थट्टा नव्हती. १९२१-२२ सालीं टोरोंटो येथें इन्शुलिन हातीं आलें, तेव्हां त्या शोधाबद्दल बँटिंग यांच्याबरोबर ज्यांस १९२३ चें नोबेल पारितोषिक मिळालें, ते मॅक्लिऑड १९२२ च्या उन्हाळ्यांत कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन माशांतून इन्शुलिन काढीत बसले होते. कित्येक माशांत इन्शुलिन घडविणाऱ्या पेशी स्वादुपिंडभर विखुरलेल्या नसतात. त्या एका वेगळ्या लहानशा गोळींत एकत्र सांपडतात. त्या गोळींतलें द्रव्य सस्तन प्राण्यास टोंचलें कीं त्याच्या रक्तांतील साखर उतरते. मासा आणि मनुष्य यांचे वंश वेगळे झाल्यास चाळीस कोटींहून अधिक वर्षें लोटलीं. तरी माशाची किल्ली आमच्या कुलपांत फिरते!

कुलूपकिल्लीची ही उपमाच आईच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. इन्शुलिन एकटें कांहींच करीत नाहीं. पेशीच्या कवचांत त्याची वाट पाहणारें दुसरें एक मोठें प्रथिन असतें. इन्शुलिन त्यास बिलगतें आणि मग आंत साखर घेण्याचा हुकूम सुटतो. आतां प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मनुष्याच्या इन्शुलिनांत असे ५१ मणी आहेत. डुकराच्या माळेंत त्यांतला एक मणी निराळा, गाईबैलांच्या माळेंत तीन निराळे. ही गणना शक्य झाली ती फ्रेडरिक सँगर यांच्यामुळें. गुरांच्या इन्शुलिनाची माळ त्यांनीं १९५५ पर्यंत मणी मणी करून उलगडली आणि १९५८ मध्यें नोबेल मिळविलें. पुढें १९६९ मध्यें डोरोथी हॉजकिन यांच्या मंडळीनें डुकराच्या इन्शुलिनाची प्रत्यक्ष घडण क्ष-किरणांनीं टिपली. त्या मंडळींत आपल्या देशांतले एम. विजयन हेही होते. पाहतां पाहतां असें दिसून आलें कीं, जे मणी बदलले ते बहुतेक कडेचे. ज्या भागानें इन्शुलिन आपल्या कुलपास बिलगतें, तो भाग निसर्गानें जपून ठेवला आहे. याचें कारण उघड आहे. किल्लीचा दांता बदलला आणि कुलूप तसेंच राहिलें, तर तो प्राणी जगत नाहीं, त्याला संतति होत नाहीं आणि त्या बदलाची नोंदही मागें उरत नाहीं. म्हणून बदलावयाचें तर दोघांनीं मिळून, नाहीं तर कोणींच नाहीं. ‘चालतें कसें’ याचें उत्तर हें कीं, आईच्या पेशींवरचें कुलूप आणि गोठ्यांतल्या गाईच्या पेशींवरचें कुलूप एकाच जुन्या कारागिराच्या हातचें होतें.

आतां ही एका जोडीची गोष्ट सर्व प्रथिनांस लावली म्हणजे नवें शास्त्र उभें राहतें. प्रथिनें एकेकटीं राबत नाहींत. होडीवर तांडेल असतो, खलाशी असतात, जाळें ओढणारे हात निराळे आणि सुकाणूवरचा हात निराळा, पेशींतही तसेंच. कोणतें प्रथिन कोणाच्या हातांत हात घालतें हें कळल्याशिवाय पेशीचा व्यवहार कळत नाहीं आणि रोगाचें मूळही सांपडत नाहीं. पण मनुष्याच्या ठिकाणीं प्रथिनें घडविणारीं जनुकें सुमारें वीस हजार. त्यांच्या जोड्या लावूं गेल्यास सुमारें वीस कोटी होतात. एवढे प्रयोग करावयाचे कोणीं आणि केव्हां?

येथें शितावरून भाताची परीक्षा उपयोगीं पडते. १९८९ मध्यें स्टॅनली फील्ड्स आणि सोंग यांनीं दोन प्रथिनें एकमेकांस बिलगतात कीं नाहीं हें यीस्टच्या पेशीकडूनच वदवून घेण्याची युक्ति काढली. २००० च्या सुमारास तीच युक्ति मोठ्या प्रमाणावर वापरून खुद्द यीस्टमधील शेंकडों जोड्या नोंदल्या गेल्या. मग तर्क असा: यीस्टमध्यें ‘क’ आणि ‘ख’ यांची जोडी आहे, मनुष्यांत ‘क’चा वंशज आहे आणि ‘ख’चाही आहे, तर मनुष्यांतही त्या वंशजांची जोडी असावी. मार्क विदाल यांच्या प्रयोगशाळेंतील मंडळीनें २००० सालीं अशा वडिलोपार्जित जोडीस ‘इंटरोलॉग’ असें नांव दिलें. आपल्याकडे दोन घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ऋणानुबंध म्हणतात, तसाच हा प्रकार.

दुसऱ्याही युक्त्या आहेत. किनाऱ्यावरच्या गांवांची यादी घेऊन बसावें आणि असें दिसावें कीं, जेथें जेथें मासेमारीच्या होड्या आहेत तेथें तेथें होड्या दुरुस्त करणारा सुतार आहे, आणि जेथें होड्या नाहींत तेथें तोही नाहीं. तर त्या दोघांचा धंदा एकमेकांशीं जुळलेला आहे हें समजण्यास कोणाची साक्ष लागत नाहीं. लॉस एंजेलिस येथील डेव्हिड आयझेनबर्ग यांच्या मंडळीनें १९९९ मध्यें प्रथिनांच्या बाबतींत हेंच केलें: कोणतीं दोन प्रथिनें निरनिराळ्या जीवांत एकत्र आढळतात आणि एकत्रच नाहींशीं होतात, याची हजेरी मांडली. त्याच वर्षीं त्यांनीं आणखी एक खूण दाखविली. एका जीवांत जीं दोन प्रथिनें अलग आहेत, तीं दुसऱ्या एखाद्या जीवांत एकाच माळेंत जोडलेलीं सांपडलीं, तर पहिल्या जीवांतही त्यांचें कांहीं नातें असण्याचा संभव फार. पुढें २००१ मध्यें माद्रिदच्या पाझोस आणि व्हॅलेन्सिया यांनीं दोन प्रथिनांच्या वंशवृक्षांच्या आकृति शेजारीं शेजारीं ठेवून त्या एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या दिसतात काय, हें पाहण्याची रीत बसविली. २०२४ मध्यें हसाबिस आणि जंपर यांस प्रथिनांची घडण वर्तविणाऱ्या ज्या संगणकीय कृतीबद्दल नोबेल मिळालें, तीही आपल्या तर्काचा मोठा भाग अशा सगोत्रांच्या माळा शेजारीं मांडूनच करते.

इतकें ऐकून आम्ही भारावून गेलों आणि म्हणालों, ‘म्हणजे नातें कळलें कीं सगळें कळलें!’ भाची लगेच म्हणाली, ‘नाहीं मामा, तेथेंच तर फसगत होते.’

फसगतीचे प्रकार ती सांगूं लागली, तेव्हां आम्ही अधिक लक्ष देऊन ऐकलें. पहिला प्रकार घरांतल्या घरांतला. एखाद्या जनुकाची प्रत चुकून दोनदां निघते आणि एकाच घरांत दोन भाऊ होतात. एक वडिलांचा धंदा चालवितो; दुसऱ्यास मोकळीक मिळते, आणि तो भलत्याच वाटेनें जातो. हें समजण्यास आमच्या भागांतल्या लोकांस प्रयास पडूं नयेत. मासेमारीच्या किती तरी घरांतून एक भाऊ होडीवर आणि दुसरा बोईसरच्या कारखान्यांत, अशी वांटणी झालेली आम्हीं पाहिली आहे. आडनांव एक, चेहरा एक. पण जाळें विणतां येतें काय असें धाकट्यास विचाराल तर तो मान हालवील. वंश विभागल्यामुळें दूर गेलेलीं भावंडें आणि प्रत निघाल्यामुळें झालेलीं भावंडें यांत भेद केला पाहिजे, हें वॉल्टर फिच यांनीं १९७० मध्येंच सांगितलें. पहिल्यांस ऑर्थोलॉग आणि दुसऱ्यांस पॅरालॉग म्हणतात. हा भेद विसरून केलेलें अनुमान म्हणजे थोरल्याच्या हिशेबावर धाकट्यास उधार देणें.

दुसरा प्रकार याहून चमत्कारिक. गिनीपिग हा आपल्यासारखाच सस्तन प्राणी. माशापेक्षां तो आपला किती तरी जवळचा. पण त्याचें इन्शुलिन इतकें बदललें आहे कीं, दुसऱ्या सस्तनांच्या अंगीं तें फारच दुबळें ठरतें. चाळीस कोटी वर्षांपलीकडल्या माशाची किल्ली लागते आणि घरच्या पाहुण्याची लागत नाहीं! उलट, २०१५ मध्यें असें प्रसिद्ध झालें कीं, ‘कोनस जिओग्राफस’ नांवाची समुद्रांतील विषारी गोगलगाय आपल्या विषांत जें इन्शुलिन सोडते, तें गोगलगाईच्या इन्शुलिनासारखें नसून माशाच्या इन्शुलिनासारखें आहे. त्यामुळें भोंवतालच्या माशांची साखर उतरून ते गळाठतात आणि तिला आयते सांपडतात. येथें नातें नसतां कुलूप उघडलें. आणि २००६ मध्यें मिका व रोस्ट या संशोधकांनीं हिशेब मांडून दाखविलें कीं, एकाच जातीच्या आंतल्या सारख्या प्रथिनांवरून केलेलें अनुमान जितकें टिकतें, तितकें एका जातीवरून दुसऱ्या जातीवर नेलेलें टिकत नाहीं. तेव्हां आमच्या सुगरणीची अट शास्त्रासही सुटलेली नाहीं.

आपल्या नैयायिकांनीं प्रत्यक्ष आणि अनुमान हीं प्रमाणें अलग ठेवलीं, आणि अनुमानांत उपाधि कोठें दडली आहे हें शोधण्यास शिष्यांस शिकविलें. आजच्या कामांतही हें पथ्य पाळावें लागतें. प्रथिनांच्या जोड्यांची ‘स्ट्रिंग’ नांवाची एक मोठी नोंदवही संगणकावर सर्वांस खुली आहे. तींत कोणती जोडी प्रयोगानें दिसली आणि कोणती दुसऱ्या जीवावरून आणली, हें निरनिराळ्या रकान्यांत दाखवून प्रत्येकीच्या विश्वासार्हतेचा आंकडा दिलेला असतो. भाची म्हणाली, ‘आमचें अर्धें काम जोड्या शोधण्याचें, आणि अर्धें काम डोळ्यांनीं पाहिलेलें व तर्कानें मानलेलें एकमेकांत मिसळूं न देण्याचें.’

दुसऱ्या दिवशीं आम्ही गाडीनें बोईसरला गेलों आणि तेथून नवापूरच्या किनाऱ्यावर. बोईसर-तारापूरचें नांव देशास कळलें तें १९६९ मध्यें, अणुवीज केंद्र सुरू झालें तेव्हां. पुढें तेथें औद्योगिक वसाहत झाली आणि इतर मालाबरोबर औषधांचेंही उत्पादन होऊं लागलें. सांडपाण्याविरुद्ध येथील मांगेला समाजाच्या परिषदेनें हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्यें न्यायाधिकरणानें नुकसानभरपाईचा आदेश दिला, हें वाचकांस स्मरत असेल. किनाऱ्यावर उभ्या असतां भाची म्हणाली, ‘मामा, माशाचें औषध आपल्याला लागू पडतें, तर आपलें औषध माशाला लागू पडणार नाहीं काय?’

ही दुसरी बाजू आमच्या ध्यानांतच आली नव्हती. औषध म्हणजे बहुधा कोणत्या तरी प्रथिनास बिलगणारा पदार्थ. आणि तें प्रथिन माशांतही असेल तर पदार्थ मनुष्य व मासा असा भेद कशाला करील? कॅनडांतील एका प्रायोगिक सरोवरांत कॅरन किड आणि त्यांचे सहकारी यांनीं कुटुंबनियोजनाच्या गोळीमध्यें असणारें कृत्रिम स्त्री-संप्रेरक अत्यल्प प्रमाणांत, एका लिटरला पांच-सहा नॅनोग्रॅम, सोडून पाहिलें; नर मासे मादीसारखे होऊं लागले आणि एका लहान माशाची वस्ती जवळजवळ नाहींशी झाली. हा वृत्तांत २००७ मध्यें प्रसिद्ध झाला. कारण तेंच: संप्रेरकाचें कुलूप माशांत आणि आपल्यांत सारखें उतरलें आहे. ‘मग येथल्या पापलेटाचें काय?’ आम्ही विचारलें. ती म्हणाली, ‘वंशावळीवरून मी एवढेंच सांगूं शकेन कीं, कोणत्या औषधासाठीं कोणत्या माशाचें कोणतें प्रथिन आधीं तपासावें. अपाय झाला आहे कीं नाहीं, हें पाणी आणि मासा पाहिल्यावरच सांगतां येईल.’ तिच्या या संयमाचें आम्हांस कौतुक वाटलें. अनुमानाचा उपयोग निवाडा देण्याकडे नसून कोणाचें दार आधीं ठोठावावें हें सांगण्याकडे आहे. वीस कोटी दारांतून शंभर दारें निवडून देणें ही सेवा लहान नव्हे. पण दार ठोठावल्याशिवाय आंत कोण आहे हें कळत नाहीं.

परतीच्या गाडींत आम्हांस मावशी आठवली आणि आईही आठवली. कंपाउंडरानें सांगितलें त्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही पिचकारी उकळून भीत भीत आईपुढें गेलों होतों. तिनें नेहमींप्रमाणें दंड पुढें केला. सुई निघाल्यावर ती म्हणाली, ‘तूं मला आधीं विचारलें असतेंस, तर मी काय नाहीं म्हटलें असतें? मला जगावयाचें होतें रे. तुझ्या बहिणीचें लग्न व्हावयाचें होतें.’ मावशी आणि आई एकाच भांड्यांतल्या, यांत आमची चूक नव्हती. दोन बहिणी एका घरांत वाढूनही निरनिराळ्या घडतात, हें आम्ही विसरलों. आणि त्याहून मोठी चूक ही कीं, अनुमान केल्यावर त्याची प्रचीति पाहण्याचे कष्ट आम्ही घेतले नाहींत. यीस्ट आणि मनुष्य यांच्यामधला तर्क पडताळून पाहण्यास शास्त्रज्ञांस प्रयोगशाळा लागते, वर्षें लागतात. आमचा प्रयोग एका प्रश्नाचा होता, आणि जिला तो विचारावयाचा ती रोज सकाळीं आमच्यासमोर दंड पुढें करून बसलेली होती.

ज्या बहिणीच्या लग्नासाठीं आईस जगावयाचें होतें, तिचीच ही मुलगी. पालघर जवळ आलें तेव्हां ती खिडकीला डोकें टेंकून झोंपली होती. आईच्या त्या प्रश्नाचें उत्तर तिच्या नातीनें दिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. मात्र तें वारशानें आलें, असें आम्ही आतां म्हणणार नाहीं. उतरल्यावर तिलाच विचारूं.